साक्षीला आपलेच रक्त

अकोला-अमरावतीकडे मेंदूच्या गाठीसाठी इंजेक्शन देऊन एमआरआय काढायचा असला, की आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात. आमच्या मामूंनाही मागितला. ते दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. मूत्रपिंडे आधीच थकलेली. गाठ डोक्यात आणि चौकशी मूत्रपिंडाची, याचे त्यांना नवल वाटले.

या चौकशीमागे इतिहास आहे. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मानेच्या धमनीत आयोडीनयुक्त द्रव सोडला आणि क्ष-किरणांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. पुढे थोरोट्रास्ट आले. चित्र सुरेख निघे. पण त्यातले किरणोत्सारी थोरियम शरीरातच राही, आणि कित्येकांना वर्षांनंतर यकृताचा कर्करोग झाला. १९८८पासून एमआरआयसाठी गॅडोलिनियमचे इंजेक्शन आले. २००६ साली कळले, की मूत्रपिंडे निकामी असलेल्या काहींची कातडी त्याने कडक होते. नव्या औषधांत हा धोका फार कमी आहे. तरी चौकशी राहिली.

मग बाहेरचे काही न घालता रक्त दिसेल का? एमआरआय वाचतो तो मुख्यतः पाण्यातला हायड्रोजन. या विद्येत आपल्याकडचेही नाव आहे. अल्कोहोलमधील हायड्रोजनचे वेगवेगळे संकेत १९५१ साली अमेरिकेत दाखवणाऱ्या तिघांपैकी एक एस. एस. धर्मट्टी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनीच पुढे हे काम रुजवले.

१९९२ साली जॉन डेट्रे, अॅलन कोरेत्स्की आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूवर नवी युक्ती दाखवली. मानेपाशी रेडिओलहरींनी रक्तातल्या हायड्रोजनचे चुंबकत्व बदलायचे. ते रक्त मेंदूत पोचले की चित्र घ्यायचे. दुसरे चित्र खुणेविना. दोहोंची वजाबाकी केली, की उरतो रक्ताचा प्रवाह. लहानपणी आम्ही पाटात कडुनिंबाचे पान सोडून त्यामागे धावायचो. इथे पान नाही, पाण्यालाच खूण.

ही खूण काही सेकंदांतच पुसते. फरकही जेमतेम एक टक्का. म्हणून चित्रांच्या अनेक जोड्या घेतात आणि रुग्णाला चार-पाच मिनिटे निश्चल पडावे लागते. वेगाने वाढणारी गाठ बहुधा जास्त रक्त ओढते. किरणोपचारानंतर दिसणारा डाग म्हणजे परतलेली गाठ की मेलेल्या पेशी, हे ठरवायलाही मदत होते. गाठीच्या कडा नीट पाहायला मात्र इंजेक्शन अजून लागते.

मामूंचे चित्र पुढे नागपुरात इंजेक्शनविना निघाले. मी हे सारे समजावले तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे साक्षीले आपलंच रक्त आलं म्हना!”