हरिश्चंद्राच्या फॅक्टरीतला पगार

या जानेवारीत लोणावळ्याजवळच्या एका बंगल्यावर वेबमालिकेचं शूटिंग होतं. मी कामशेतचा. अठरा वर्षं प्रॉडक्शनमध्ये आहे, म्हणजे गाड्या, जेवण, जनरेटर आणि बंगल्याच्या मालकाची समजूत. पहिल्याच दिवशी अकाउंट्सच्या पोराने मोबाइलवर लिंक पाठवली: पॅन, आधार, पासबुकाचा फोटो. 'दादा, आधीचा यूएएन असेल तर तोही टाका.' भविष्यनिर्वाह निधीचा हा बारा अंकी क्रमांक माझ्याकडे नव्हता. आजवर मी व्हाउचरवर सह्या केल्या आणि नव्वद दिवसांनी मिळणाऱ्या पैशांसाठी फोन केले. एकाने एकवीस शिफ्टचे पैसे बुडवले, तेव्हा पुरावा म्हणून व्हॉट्सॅपवरच्या कॉलशीटखेरीज काही नव्हतं.

संध्याकाळी परतताना लोकल मळवलीला थांबली. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे इथे आला. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून धुंडिराज गोविंद फाळके यांनी 1906 च्या सुमारास लोणावळ्यात आपला छापखाना काढला, तोही मुख्यतः रविवर्मा प्रेसचंच काम करायचा. म्हणजे पुढे सिनेमा काढणाऱ्या या माणसाने छापखान्यातल्या कामगारांचे पगार आमच्या मावळात वाटले असणार. तो हिशेब मी पाहिलेला नाही, पण वाटतं खरं.

सिनेमातल्या पगाराचा एक आकडा मात्र प्रसिद्ध आहे. अण्णा साळुंके ग्रँट रोडच्या एका खाणावळीत महिना 10 रुपयांवर काम करत. फाळक्यांनी 15 देऊ केले आणि ते 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती झाले. सिनेमात काम करतो हे तेव्हा चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा, असं फाळक्यांनी मंडळींना शिकवून ठेवलं होतं. परेश मोकाशींच्या 2009 च्या चित्रपटाचं नाव त्यातूनच आलं. आपण हसतो, पण फॅक्टरी म्हटलं की हजेरी आली, पगाराची तारीख आली. सोयरिकीलाही तेवढं पुरतं. आणि सरस्वतीबाई? सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे, शिवाय फिल्मला भोकं पाडायचं कामही त्यांनी केलं. आज या कामांना तीन वेगळे विभाग आणि तीन वेगळी व्हाउचरं लागतात. त्यांचा पगार किती, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नसेल.

1933 मध्ये पुण्यात आलेल्या प्रभातमध्ये नट आणि तंत्रज्ञ मासिक पगारावर होते. स्टुडिओ मोडले तशी ती पद्धतही गेली आणि माणूस एका चित्रपटापुरता राहिला.

मग 1981 चा सिने-कामगार कायदा आला. लेखी करार हवा, त्याची नोंदणी हवी, आणि तीन चित्रपट केलेल्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधी लागू. वाचताना मला हेवा वाटला. पण त्यातला 'चित्रपट' म्हणजे पूर्ण लांबीचा कथापट. मालिका, जाहिरात, रिअॅलिटी शो त्यात नाहीत, आणि लोणावळ्यात तर 'बिग बॉस'चं घर कितीतरी हंगाम उभं होतं! ऑक्टोबर 2008 मध्ये थकलेल्या मजुरीसाठी मुंबईतल्या सिनेकामगारांनी संप केला. 2020 च्या टाळेबंदीत सलमान खानने रोजंदारीवरच्या 25,000 कामगारांना मदत जाहीर केली, तेव्हा महासंघाला आधी त्यांच्या बँक खात्यांची यादी जमवावी लागली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत वेबमालिका आणि रिअॅलिटी शोही आले आहेत. कागदावर तरी.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरला. 'यापूर्वी सदस्य होता का?' नाही. मार्चमध्ये पीएफचा पहिला मेसेज आला, तो आईला वाचून दाखवला.

"कुठल्या कंपनीत लागलास रे?" तिने विचारलं.

मला नाव आठवेना. कंपनी त्या मालिकेपुरतीच काढलेली होती. मेसेज पुन्हा उघडून बघितला.