सायकल घरात होती, पण चालवत कोण होतं?

चांदूर रेल्वे हे नाव ऐकलं की बाहेरची माणसं हमखास विचारतात, गावाच्या नावात रेल्वे कशी काय? उत्तर सोपं आहे. आमच्याच अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजारही आहे, म्हणून स्टेशनचं चांदूर ते चांदूर रेल्वे. जी.आय.पी. रेल्वेची भुसावळहून येणारी लाईन १८६७ साली नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस झपाट्याने मुंबईकडे जाऊ लागला. यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण गाडीतून उतरलेला माणूस पुढे घरी, शेतावर, शाळेत कसा जायचा? पायी, बैलगाडीनं, टांग्यानं आणि नंतर सायकलनं. माझं पीएचडीचं काम या उरलेल्या चार-पाच मैलांवर आहे.

आपण ओळखतो ती सायकल, म्हणजे दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, इंग्लंडमध्ये १८८५ साली स्टार्लीच्या 'रोव्हर'मुळे रूढ झाली. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला आणि हाडं खिळखिळी करणारं ते वाहन बसण्याजोगं झालं. भारतात ती आधी साहेबांकडे, मग वकील-डॉक्टरांकडे आली. १९२३ साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. थोर पराक्रमच. पण मला त्यांच्यापेक्षा रोज सकाळी दुधाचे कॅन लटकवून निघणारा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याची बातमी कधीच छापून आली नाही, एवढंच.

हा माणूस सायकलवर आला तो मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. मद्रासला टी.आय. सायकल्स (१९४९), सोनिपतला ॲटलस (१९५१), लुधियान्याला हिरो (१९५६) असे कारखाने उभे राहिले. डेव्हिड अर्नोल्ड या इतिहासकाराने 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) या पुस्तकात सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर अशा छोट्या यंत्रांचा भारतातला इतिहास मांडलाय. अशी यंत्रं परदेशातून आली तरी इथल्या दुरुस्ती करणाऱ्या हातांनी ती आपली करून टाकली. पंक्चरवाल्याचं घमेलं, त्यात बुडवलेली ट्यूब आणि वर येणारे बुडबुडे आठवा, म्हणजे मुद्दा लक्षात येईल.

कारखाने निघाले तरी सायकल स्वस्त नव्हतीच. मग ज्याच्याकडे ती नव्हती तो काय करायचा? भाड्यानं घ्यायचा! माझ्या बाबांच्या पिढीतल्या कोणालाही विचारा. तासावर सायकल मिळायची. मडगार्डवर रंगानं नंबर टाकलेला असायचा, दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा. ओळख असली की अनामतही लागत नसे. पोरं दांड्याखालून पाय घालून शिकायची. आपल्याकडे त्याला कैची म्हणतात, पुण्या-मुंबईकडे हाफ पॅडल. गुडघे फुटायचे ते वेगळंच. पुण्यात २०१७-१८ मध्ये मोबाईलच्या ॲपवर चालणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. थोड्याच वर्षांत त्या रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. वहीवर चालणारी दुकानं त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकली होती.

पण इथंच माझी अडचण सुरू होते. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका सायकलीवर कर घ्यायच्या. कर भरला की धातूचा बिल्ला मिळायचा, तो सायकलीला लावायचा. नसला की दंड. इतिहासकाराला अशा करनोंदी म्हणजे खजिना वाटतो. मात्र त्यात कळतं ते सायकल कोणाच्या नावावर होती हे. चालवत कोण होतं, ते त्यात नसतं. २०११ च्या जनगणनेतही तीच गत. देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती म्हणे. ठीक. पण घरात माणसं पाच आणि सायकल एक असेल, तर हँडल कोणाच्या हातात?

भाड्याच्या दुकानाचंही तेच. मी मघाशी 'पोरं' म्हटलं, ते मुलगेच होते. मधला दांडा असलेली उंच सायकल, अंगावर लुगडं किंवा साडी, आणि बघणारं अख्खं गाव. दांडा नसलेली लेडीज सायकल मिळायची, पण ती विकत घेणार कोण आणि कोणासाठी?

मुलींच्या हाती सायकल द्यायची तर ती मुलीच्याच नावानं द्यावी लागते, हे सरकारच्या लक्षात यायला एकविसावं शतक उजाडलं. बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींसाठी योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत वेळेवर दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. बारावीनंतर काय, हा प्रश्न मात्र या योजनांच्या बाहेरच राहतो.

माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला, गुडघे दुखत असतील तर सायकल चालवा. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम सांगते, म्हणजे डॉक्टरांचं गणित बरोबरच होतं. आई घरी येऊन हसत सुटली. तिच्या माहेरी सायकल होती. तिचे दोन्ही भाऊ त्यावर शाळेत गेले, ती मात्र मागच्या कॅरिअरवर बसून फक्त दवाखान्यात गेली. आता बावन्नाव्या वर्षी, ट्रक जाणाऱ्या रस्त्यावर, कुठं आणि कोणाकडून शिकायची? ती चालते. पहाटे पाच वाजता, बायकांच्या घोळक्यात, हातात बॅटरी घेऊन.

तिच्या माहेरच्या त्या सायकलीचा बिल्ला मी मागच्या दिवाळीत मामाच्या माळ्यावर शोधला. मिळाला नाही, भंगारात गेला असणार. तुमच्या घरी एखादा सापडला तर टाकून देऊ नका. आणि तो हातात घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ही सायकल कोण कोण चालवायचं. आधी आजीला विचारा.