इजेविना फाटणारे मूत्राशय: निदान आणि उपचार

अपघात, मार किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काहीही न घडता मूत्राशयाची भिंत फाटणे, हा अत्यंत दुर्मीळ परंतु प्राणघातक ठरू शकणारा विकार आहे. वैद्यकात त्याला 'उत्स्फूर्त' म्हणतात. शब्द काहीसा फसवा आहे, कारण निरोगी मूत्राशय सहसा आपोआप फाटत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कित्येक वर्षांपूर्वी घेतलेले किरणोपचार, मूत्राशयातील गाठ, प्रोस्टेटमुळे तुंबणारी लघवी किंवा मज्जारज्जूचा विकार अशी पार्श्वभूमी बहुधा आढळते. अतिमद्यपानाने लघवी वाढते आणि मूत्राशय भरल्याची जाणीव मात्र बोथट होते. तेही एक ठळक कारण आहे. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे 1601 मध्ये प्रागमधील मेजवानीनंतर मूत्राशय फुटून मरण पावला, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला पुरावा नाही. लघवी अडल्यानंतर तो अकरा दिवस जगला होता.

फाटण्याची जागा बहुतेकदा मूत्राशयाचा माथा असते. तेथून मूत्र उदरपोकळीत सांडते. पोट एकाएकी दुखते, फुगते, लघवी थेंबभरच होते किंवा होतच नाही. खरी फसगत रक्ततपासणीत होते. सांडलेले मूत्र उदरावरणातून पुन्हा रक्तात शोषले जाते. त्यामुळे क्रिएटिनिन व पोटॅशियम वाढते, आणि धडधाकट मूत्रपिंडे निकामी झाल्याचा भास होतो. अशा वेळी पोटातील पाणी सुईने काढून तपासावे. त्यातील क्रिएटिनिन रक्तातल्यापेक्षा बरेच अधिक असेल, तर ते मूत्रच होय. ही साधी चाचणी सुचण्यास आधी शंका यावी लागते, आणि उशीर बहुधा तिथेच होतो.

खात्रीची तपासणी म्हणजे सीटी सिस्टोग्राफी. कॅथेटरमधून किमान 300 मिलिलिटर पातळ केलेले रंजकद्रव्य मूत्राशयात भरून सीटी स्कॅन केला जातो. केवळ शिरेतून रंजकद्रव्य देऊन केलेल्या स्कॅनमध्ये मूत्राशय पुरेसे ताणले जात नाही; छिद्र निसटू शकते.

उदरपोकळीत उघडलेल्या छिद्रासाठी सामान्यतः तातडीची शस्त्रक्रिया करतात: पोट धुऊन, विरघळणाऱ्या धाग्याने, बहुधा दोन थरांत शिवण. फाट उदरावरणाबाहेर असेल, तर पुष्कळदा दोन-तीन आठवडे कॅथेटर व प्रतिजैविके पुरतात. कॅथेटर काढण्यापूर्वी सिस्टोग्राफी पुन्हा करून गळती थांबल्याची खात्री करतात. किरणोपचाराने कमकुवत झालेली भिंत मात्र नीट जुळत नाही आणि पुन्हा फाटू शकते. अशा रुग्णांत कॅथेटर अधिक काळ ठेवावा लागतो, क्वचित मूत्राचा मार्गच वळवावा लागतो.