धानातील कायटिनेज

कायटिनेज हे कायटिन या बहुशर्करेचे विघटन करणारे विकर आहे. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, वनस्पतींमध्ये ते नसते. त्यामुळे हे विकर पिकाच्या स्वतःच्या ऊतींना इजा करीत नाही.

गोंदिया शहरालगतच्या फुलचूरसह पूर्व विदर्भात धान हे मुख्य पीक असून करपा हा त्यावरील प्रमुख बुरशीजन्य रोग आहे. त्यात पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात. लोंबीच्या मानेवर तो आल्यास त्यास मानमोडी म्हणतात. तेव्हा दाणे पोचट राहतात.

बुरशीचा शिरकाव होताच धानाच्या पेशी कायटिनेज व ग्लुकानेज ही विकरे पेशींमधील पोकळ्यांत स्रवतात. भित्तिका विरघळवणे हे त्यांचे एक काम झाले. सुटलेले कायटिनचे तुकडे पेशीपटलावरील ग्राही प्रथिनांना चिकटतात आणि पुढील संरक्षण जागे होते; हे दुसरे काम कदाचित अधिक मोलाचे आहे.

तरीही करपा येतोच. ही बुरशी आपली भित्तिका अल्फा-१,३-ग्लुकानच्या थराने झाकते, आणि तो थर तोडणारे विकर धानाकडे नाही. जीवाणूतील असे विकर धानात घातल्यावर रोगप्रतिकार वाढल्याचे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले. शिवाय बुरशीचे एक स्रवित प्रथिन कायटिनचे सुटे तुकडे आधीच पकडते, त्यामुळे ते ग्राहींपर्यंत पोहोचत नाहीत.

नावात साम्य असले तरी कडा करपा हा रोग जीवाणूजन्य आहे. जीवाणूच्या भित्तिकेत कायटिन नसल्याने तेथे हा उपाय लागू पडत नाही.