संगणक सुरूच होत नाही, तेव्हा...
भातसा धरणाच्या पायथ्याशी 15 मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. तरीही शेजारच्या भातसानगर वसाहतीत विजेचा दाब स्थिरच राहील, असे नाही. तयार झालेली वीज आधी ग्रिडमध्ये जाते. शहापूर-मुरबाड पट्ट्यात पावसाळी वाऱ्याने तारांवर फांदी पडली की पुरवठा खंडित होतो. तो परतताना दाब क्षणभर उसळतो आणि डेस्कटॉप संगणकाचा ‘एसएमपीएस’ बहुधा अशाच वेळी बळी पडतो.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, ही तक्रार वेगळी. तेथे रॅम काढून तिचे संपर्कबिंदू पुसून पाहावेत. येथे प्रश्न आहे तो बटण दाबूनही काहीच न घडण्याचा. प्रथम त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहावा. यूपीएस वगळून संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला जोडावा, कारण दोष अनेकदा यूपीएसच्या जुन्या बॅटरीत असतो. कॅबिनेटमागील छोटा स्विच साफसफाईत बंद झालेला असतो, हेही पुष्कळदा आढळते. त्यानंतर वायर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि पुन्हा प्रयत्न करावा.

एटीएक्स पद्धतीत बटण वीज थेट जोडत नाही. ते मदरबोर्डला केवळ संकेत देते. त्यासाठी एसएमपीएस 5 व्होल्टचा पुरवठा सतत चालू ठेवतो. मदरबोर्डवरील छोटा दिवा लागत असेल, तर हा पुरवठा शाबूत आहे. संशय बटणावर किंवा त्याच्या बारीक वायरवर घ्यावा. दिवा असूनही तो लागत नसेल, तर दुसरा चालू एसएमपीएस जोडून पाहणे हीच खात्रीची परीक्षा. तरीही हालचाल नसेल, तर मदरबोर्डवरील कपॅसिटर पाहावेत. माथा फुगलेला किंवा द्रव पाझरलेला कपॅसिटर निकामी समजावा. 2000 नंतरच्या काही वर्षांतील अनेक मदरबोर्ड याच दोषाने गेले.

एसएमपीएसची पेटी मात्र घरी कदापि उघडू नये. वायर काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार काही काळ टिकतो.

दुरुस्तीवाल्याने ‘सगळेच बदला’ म्हटले, तरी हार्डडिस्क आधी ताब्यात घ्यावी. एसएमपीएस जळाला तरी ती बहुधा शाबूत राहते आणि दुसऱ्या संगणकाला जोडून तीतील हिशेब, छायाचित्रे, पत्रव्यवहार उतरवून घेता येतो.