अभियंता ते संरक्षणमंत्री : मनोहर पर्रीकर

१३ डिसेंबर १९५५ रोजी म्हापसा येथे मनोहर पर्रीकरांचा जन्म झाला, तेव्हा देश स्वतंत्र होऊन आठ वर्षे लोटली होती. गोव्यावर मात्र पोर्तुगीजांचाच अंमल होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला, त्या वेळी हा बालक नुकताच सहा वर्षांचा झाला होता. ज्या सैन्याने जन्मभूमीची बेडी तोडली, त्याचाच कारभार पुढे त्याच्या हाती यावा, हा इतिहासाचा विलक्षण योग होय.

माध्यमिक शिक्षण मराठीतून घेतलेल्या पर्रीकरांनी १९७८ साली मुंबईच्या आयआयटीतून धातुशास्त्र अभियांत्रिकीची पदवी संपादन केली. अशा पदवीधरांचे डोळे तेव्हा परदेशाकडे लागलेले असत. पर्रीकर मात्र गोव्यात परतले. स्वतःचा उद्योग सांभाळून त्यांनी संघकार्य केले. १९९४ साली ते पणजीचे आमदार झाले. २००० साली पत्नीचे निधन झाले. दोन मुलांची जबाबदारी अंगावर असतानाच त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला ते मुख्यमंत्री झाले. आयआयटीचा पदवीधर मुख्यमंत्री होण्याचा देशातील तो पहिलाच प्रसंग.

काम मुदतीत पुरे करणे, हा अभियंत्याचा धर्म त्यांनी राज्यकारभारात आणला. २००४ च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी पणजीत अवघ्या काही महिन्यांत सुविधा उभ्या राहिल्या. २०१२ साली कर घटवून त्यांनी पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी स्वस्त केले. नोव्हेंबर २०१४ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले आणि चार दशके रेंगाळलेल्या ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ योजनेची घोषणा त्यांनी ५ सप्टेंबर २०१५ रोजी केली.

त्यांच्यावर टीकाही झाली. २०१७ साली ४० पैकी १३ जागा असताना त्यांनी मित्रपक्षांसह सरकार बनविले, ते अनेकांना रुचले नाही. असाध्य आजारातही पद न सोडण्याविषयी दुमत होते. तरीही जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना विधानसभेत अर्थसंकल्प मांडणारे पर्रीकर विरोधकांनाही विसरता येणार नाहीत. १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.

आज पातूरच्या घराघरांतून मुले अभियंता होऊन पुण्या-बंगळूरकडे जातात, याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु त्यांपैकी एखाद्याने परत येऊन, ‘मला नगर परिषदेत काम करावयाचे आहे’ असे म्हटले, तर आपण त्यास आशीर्वाद देऊ, की वेड्यात काढू? माझ्यासह प्रत्येक पालकाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या मनाशी प्रामाणिकपणे द्यावे.