शिफारस कोणाच्या जोखमीवर?

अंबाजोगाई तालुक्यातलं घाटनांदूर हे विकाराबाद–परळी लोहमार्गावरचं स्थानक. निजामाच्या राजवटीत हा मार्ग झाला आणि बालाघाटावरच्या ज्वारी-करडईला दूरचं गिऱ्हाईक मिळायची सोय झाली. पिकवणारा खेड्यात, घेणारा हैदराबादला. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. अशा व्यवहारात मध्यस्थी करायचा तो अडत्या. अशीच गाठ घालून देण्यासाठी आज शहरोशहरी व्यावसायिकांचे गट वर्गणी भरून ठरल्या दिवशी जमतात आणि एकमेकांना गिऱ्हाईक सुचवतात. अमेरिकेत १९८५ साली इव्हान मिस्नर यांनी सुरू केलेल्या ‘बीएनआय’ची तीच रीत, मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी ‘सॅटर्डे क्लब’ काढला. अशा गटात शिरावं का, हे ठरवताना अडतीचा इतिहास कामाला येतो, कारण शिफारशीला किंमत कशामुळे येते ते तिथे स्वच्छ दिसतं.

अडत्या नुसतं नाव सुचवून मोकळा होत नसे. खरेदीदाराचे पैसे हाती यायच्या आधीच तो शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची रक्कम, चुकती करी. खरेदीदार बुडाला तर खोट अडत्याला बसे. शहाजोग हुंडीतही हेच तत्त्व होतं. तिची रक्कम पत असलेल्या सावकारामार्फतच मिळे, आणि हुंडी खोटी निघाली तर ती रक्कम त्यालाच परत करावी लागे. साहजिकच शब्द टाकण्याआधी माणूस पारखला जाई. गटातल्या शिफारशीमागे बहुधा असं काही नसतं. शिफारशीची चिठ्ठी देणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं, उलट आठवड्याला एखादी चिठ्ठी द्यायलाच हवी असा दबाव असतो.

यावर कोणी म्हणेल, अडतीने तर शेतकऱ्याला नागवलं. खरंच आहे. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत, मालाच्या धन्याला त्याचा पत्ता नसे. पट्टीत अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा कपाती लागत. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने या गैरप्रकारांवर बोट ठेवलं, १९३० साली हैदराबाद संस्थानात बाजार कायदा झाला, महाराष्ट्राचा १९६३ साली. पण ही लूट हमीतून आली नव्हती. भाव झाकलेला होता आणि उचल घेतलेल्या शेतकऱ्याला दुसऱ्या अडतीवर जाण्याची मोकळीक नव्हती, म्हणून ती चालली. ‘एका धंद्याचा एकच सभासद’ या अशा गटांच्या नियमाची मला धास्ती वाटते ती यामुळेच: तुलना करायला गटात दुसरा कोणी उरतच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुनी पत नात्यागोत्यात आणि जातीत फिरे. ज्याच्या घरात कोणी धंदा केला नाही, त्याला पेढीची पायरी चढणंही अवघड होतं. अशा पहिल्या पिढीच्या उद्योजकाला वर्गणी भरून मिळणारा प्रवेश मोलाचा आहे, आणि त्याने गटात जरूर जावं असं मी म्हणेन. मात्र पैसे भरण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: सुचवलेल्या माणसाने काम बिघडवलं, तर सुचवणारा काय भरून देतो? यावर गटाकडे धड उत्तर नसेल, तर त्याच पैशांत लातूरच्या बाजारात चार दिवस फिरून गिऱ्हाईक स्वतः गाठलेलं बरं.